हॅलोविनची रात्र: भुतं कमी, लग्नं जास्त

पावसाळी_ढग

ऑक्टोबर संपत आला की ३१ तारखेच्या हॅलोविनबद्दलचा तो फॉरवर्ड येतोच येतो. दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोक साविन नावाच्या मृत्युदेवाला पुजायचे, त्यांचे ड्रुइड पुजारी कातडी पांघरून शेकोटीभोवती नाचायचे, मग चर्चने तो सण पळवला, मग अमेरिकेने त्याचा बाजार मांडला, आणि खाली जोडलेले हात. यंदा तो मला माहेरच्या ग्रुपवर आला आणि चक्क इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही आला.

मी राहते आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेजवळ. म्हणजे ही सगळी भानगड जिथून सुरू झाली म्हणतात तिथेच. म्हटलं इथली म्हातारी माणसं स्वतः काय सांगून गेलीत ते तरी बघू. त्यासाठी इथे एक खजिना आहे. १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या लोकसाहित्य आयोगाने शाळेतल्या वरच्या वर्गांतल्या पोरांना कामाला लावलं, की घरी जा, आजीआजोबांना विचारा, शेजारच्या म्हातारबांना विचारा आणि सांगतील ते वहीत लिहून आणा. जवळपास ५,००० प्राथमिक शाळा, सगळी मिळून सात लाखांवर पानं, आणि आता ती स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलीत. पोरांच्या गिचमिड अक्षरासकट.

त्यात हॅलोविनबद्दल वाचत गेले तर भुतं फार थोडी. रक्त नाही, कवट्या नाहीत, मृत्युदेव तर औषधालाही नाही. आहे काय, तर सफरचंदं, हेझलनट, कोबी, अंगठी आणि सगळ्यात एकच प्रश्न: लग्न कधी, कुणाशी, आणि होणार की नाही.

दोन हेझलनट घ्यायचे, एकाला मुलीचं नाव एकाला मुलाचं, आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर शेजारी शेजारी ठेवायचे. शांतपणे जळले तर जोडी टिकणार, एक जण टुणकन उडाला तर गेलं लग्न उडत, आणि अख्ख्या घरासमोर हे चाललेलं असतं त्यामुळे ज्याचा नट उडाला त्याची वर्षभर चेष्टा. डोळे बांधून कोबीच्या किंवा केल नावाच्या पालेभाजीच्या वाफ्यात जायचं आणि हाताला येईल तो गड्डा उपटायचा, सरळ आला तर नवरा सरळ, वाकडा आला तर काय ते समजा, मुळाला माती जास्त चिकटली असेल तर पैसा बरा येणार. मध्यरात्री आरशासमोर मेणबत्ती घेऊन सफरचंद खायचं, खांद्यामागून होणाऱ्या नवऱ्याचं तोंड दिसतं. (हे एकटीनेच करायचं असतं. मी करून बघणार नाहीये, माझा नवरा खरोखरच मागे येऊन उभा राहील आणि फ्रीजमध्ये दूध आहे का विचारेल.)

खाण्यात पण तेच. बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला गोड पाव असतो, त्यात वस्तू दडवून भाजतात. ज्याच्या तुकड्यात अंगठी त्याचं वर्षात लग्न, नाणं आलं तर श्रीमंती, चिंधी आली तर दारिद्र्य, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही, अंगुस्तान आलं तर जन्मभर बिनलग्नाची, आणि काटकी आली तर नवरा मारकुटा. आज सुपरमार्केटात मिळणाऱ्या ब्रॅकमध्ये फक्त अंगठी उरलीये, तीही कागदात गुंडाळून. दारिद्र्य आणि मारकुटा नवरा पैसे देऊन कोण घेणार.

मला सगळ्यात आत लागलेला खेळ बशांचा. डोळे बांधलेल्या माणसासमोर बशा मांडायच्या, एकीत अंगठी, एकीत पाणी, एकीत माती, मग बशांच्या जागा बदलायच्या आणि त्याने हात पुढे करायचा. अंगठी म्हणजे लग्न, माती म्हणजे वर्षात मरण, आणि पाणी म्हणजे समुद्र ओलांडून परदेशी जाणार. कुठे कुठे जपमाळ पण ठेवायचे, ती हाती लागली तर मुलगी नन होणार. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळानंतरच्या आयर्लंडमध्ये तरुण मुलीसमोर खरोखर एवढेच रस्ते होते हो. अंधश्रद्धा म्हणून हसून सोडून द्यावं असं मला तरी वाटलं नाही.

आणि याच रात्री का, तर त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर हा इथे वर्षाचा सांधा. गुरं उन्हाळी कुरणावरून परत यायची, पिकं घरात आलेली असायची, जमीनदाराचा सहामाही खंड १ मे आणि १ नोव्हेंबरला भरायचा असायचा. आणि जुन्या आयर्लंडात लग्नं व्हायची ती मुख्यतः जानेवारी ते लेंटचे उपवास लागेपर्यंत. म्हणजे हॅलोविनला हिशेब संपलेला, हातात वेळ, आणि लग्नसराई दोन-तीन महिन्यांवर. घरातल्या उपवर पोरींच्या डोक्यात दुसरं काय असणार?

तुमच्याकडे, म्हणजे जिथे कुठे तुम्ही आहात तिथे, या रात्रीबद्दल काय ऐकलंय ते लिहा. फॉरवर्ड नकोत.


चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. पाणी म्हणजे परदेश हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो.


तिरकस_काका

लेख छान. पण भुतं अशी दाराबाहेर घालवून चालणार नाही ताई. तो दात विचकणारा भोपळा मग कुठून आला? तो काय उपवर मुलींना बघायला आलेला का? आमच्या नातवाने मागच्या वर्षी भोपळा कोरला आणि आतला सगळा गर कचऱ्यात, आमच्या हिने तो परत काढून घारगे केले ते सोडा.


पावसाळी_ढग

काका, घारग्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा :)

भोपळा आयर्लंडचा नाहीच. तो अमेरिकेतला. इथे कोरायचे टर्निप, आपल्याकडचं छोटं पांढरं सलगम नाही तर पिवळ्या गराचा, नारळाएवढा आणि दगडासारखा कडक. कॅसलबारजवळ टर्लो पार्कला राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, तिथे अशा एका टर्निपचा प्लास्टरचा साचा ठेवलाय, मूळ टर्निप डोनेगलमधल्या फिनटाउनचा. बारके डोळे, आत गेलेले गाल, मोजके दात. भोपळ्याचा चेहरा त्यापुढे गणपतीसारखा प्रसन्न वाटतो. दुष्काळात, म्हणजे १८४५ नंतर, लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली, तिथे हा मऊ, मोठा, आतून अर्धा पोकळ भोपळा मिळाला, कोण कशाला टर्निपवर मनगट मोडून घेतंय.

गोष्ट अशी सांगतात. जॅक नावाचा एक महाकंजूष दारुडा. त्याने सैतानाला गुत्त्यात नेलं, बिल द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाला तूच नाणं हो, सैतान झाला नाणं, याने ते खिशात टाकलं जिथे क्रूस होता. झाला अडकला. आपल्या आत्म्याला हात लावणार नाही असं वचन घेऊन मग सोडला. (दुसऱ्या एका पाठात सैतानाला सफरचंदाच्या झाडावर चढवून खोडावर क्रूस कोरतो.) पुढे जॅक मेला. स्वर्गात घेतलं नाही, ते तर ठरलेलंच होतं, आणि नरकाच्या दारात सैतान म्हणाला, मी वचन दिलंय बाबा, मला तुला घेता येत नाही. आणि परत जाताना दिसावं म्हणून एक निखारा दिला फेकून. तो जॅकने टर्निपमध्ये ठेवला आणि अजून फिरतोय.

इथे दलदल प्रचंड आहे, रात्री दलदलीवर हलणारे उजेड दिसतात असं लोक सांगायचे, मागे गेलात तर रुतलात. ही गोष्ट त्या उजेडाला चिकटलेली आहे, आणि मग पोरांच्या हातातल्या कंदिलाला.


शिमगोत्सव

आमच्याकडे याला चकवा म्हणतात. माझे आजोबा दोन गावांमधल्या माळावर रात्रभर फिरून पहाटे त्याच आंब्याखाली आले होते. अर्थात ते कुठून निघाले होते ते आजीने शेवटपर्यंत सांगितलं नाही.


संस्कृती_रक्षक_७

हे सगळं ठीक पण आपल्या पोरांना शाळेत आणि सोसायटीत चेटकिणीचे ड्रेस घालायला लावतात त्याचं काय? आपली सर्वपित्री अमावस्या माहीत नाही आणि हे माहीत. शिवाय मूळ सण पेगन होता, निसर्गपूजकांचा, तो चर्चने ढापला हे तर जगजाहीर आहे. आठव्या शतकात पोपने मुद्दाम त्याच तारखेला आपला सण ठेवला.


जुनी_पोथी

जगजाहीर आहे म्हणूनच जरा तपासावं लागतं साहेब.

सगळ्या संतांचा सण, ज्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन, आधी १३ मे ला होता, रोमचं पँथिऑन ६०९ च्या सुमाराला चर्च म्हणून पवित्र केलं त्या दिवसाचा. आठव्या शतकात पोप तिसऱ्या ग्रेगरीने सेंट पीटर्समध्ये सगळ्या संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ केलं आणि नवव्या शतकात, ८३५ च्या आसपास, १ नोव्हेंबर ही तारीख मोठ्या प्रदेशात लागू झाली. इथपर्यंत तुमचं बरोबर. गंमत पुढे आहे. त्याच काळात आयर्लंडमधलं चर्च हा सण पाळत होतं २० एप्रिलला! तिथल्या जुन्या पद्यबद्ध पंचांगात ती तारीख आहे. १ नोव्हेंबरला पाळणारे आधी दिसतात ते जर्मनी आणि इंग्लंडकडचे. आता साविन दडपायचा म्हणून तारीख निवडली असती तर ज्यांच्या घरी साविन होता तेच लोक एप्रिलमध्ये का बसले असते? ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा मुद्दा नीट मांडलाय.

मृत्युदेव साविनचं तर विचारूच नका. साविन हे सणाचं नाव आहे, उन्हाळा संपल्याचं. त्याला देव करून टाकला तो अठराव्या शतकातल्या चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, ज्याला आयरिश भाषेचं मूळ जगातल्या प्रत्येक भाषेत सापडायचं. असे लोक आपल्याकडेही आहेत, नावं घेत नाही.

मग जुनं काहीच नाही का? आहे ना. आयरिश मठांमध्ये भिक्षूंनी लिहून ठेवलेल्या कथांमध्ये साविनची रात्र वारंवार येते. टारा या आयरिश राजांच्या गादीच्या ठिकाणी, तिथल्या राजवाड्यावर दर साविनला आयलेन नावाचा एक जण टेकडीच्या पोटातून यायचा, वाद्य वाजवून सगळ्यांना झोपवायचा आणि राजवाडा जाळून जायचा, शेवटी फिन नावाच्या पोराने भाल्याचं पातं कपाळाला टेकवून स्वतःला जागं ठेवलं आणि त्याला मारला. रॉसकॉमन परगण्यात रॅथक्रोअनला एक गुहा आहे, मांजरांची गुहा म्हणतात, तिथून साविनला भयंकर प्राणी बाहेर पडायचे.

पण हे जे येतायत ते मेलेले पूर्वज नाहीत, हे लक्षात घ्या. ते शी लोक, टेकड्यांखाली राहणारे, माणसांसारखेच पण माणसं नव्हेत. मेलेली माणसं घरी येतात ही समजूत २ नोव्हेंबरची, आणि ती कॅथलिक आहे. फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओदिलोने दहाव्या शतकाच्या शेवटी तो दिवस सगळ्या मृतांसाठी नेमला. आयर्लंडात त्या रात्री दाराला कडी लावायची नाही, चूल पेटती ठेवायची, खुर्च्या मांडून ठेवायच्या. म्हणजे ३१ ला शी लोक, १ ला संत, २ ला मृत. हे सगळं लागोपाठ आल्यामुळे पुढे एकाच पातेल्यात शिजलं. त्यामुळे सर्वपित्रीशी जोडायचंच असेल तर २ नोव्हेंबर जोडा.


संस्कृती_रक्षक_७

म्हणजे चर्चने काहीच केलं नाही असं म्हणायचंय तुम्हाला. चालू द्या.


वसईचा_वारा

२ नोव्हेंबरचं नाव निघालं म्हणून लिहितो. आम्ही वसईकडचे कॅथलिक, आमच्या घरात हॅलोविन हा शब्द मी कॉलेजला जाईपर्यंत ऐकला नव्हता पण २ नोव्हेंबर चुकला असं कधी झालं नाही. आदल्या आठवड्यात दफनभूमीत जाऊन गवत काढायचं, क्रूस धुवायचा, रंग उडाला असेल तर मारायचा. त्या दिवशी झेंडू आणि मेणबत्त्या, मिस्सा होते, मग फादर कबरींवरून पवित्र पाणी शिंपडत जातात. संध्याकाळी एवढ्या मेणबत्त्या असतात की उष्णता जाणवते. भीती वगैरे काही नाही, उलट सगळे नातेवाईक तिथेच भेटतात, कुणाच्या मुलीचं ठरलं कुणाची जमीन विकली सगळी चर्चा आजोबांच्या कबरीपाशी उभं राहून. गोव्यातही तसंच असतं, माझी मावशी म्हापशाला आहे.

आणि दारोदार मागण्याचं मूळ यातच आहे म्हणे, हे मला आमच्या एका फादरांनी सांगितलेलं. मध्ययुगात इंग्लंडमध्ये गरीब लोक आणि पोरं या दिवसांत घरोघरी जायची, सोल केक नावाची छोटी गोल बिस्किटं मागायची आणि त्या बदल्यात त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची. मेलेला आत्मा शुद्धिस्थानात अडकलाय, जिवंत माणसाच्या प्रार्थनेने त्याची मुदत कमी होते, तेव्हा केक देणं म्हणजे स्वस्तात काम. पुढे इंग्लंड प्रोटेस्टंट झालं, शुद्धिस्थान रद्द झालं, पण केक मागायला येणारी पोरं काही थांबली नाहीत.


जुनी_पोथी

+१. चेशायर, श्रॉपशायरकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होतं ते. शेक्सपिअरच्या एका नाटकात या सणाला भिकारी कसे रडव्या आवाजात बोलतात त्याचा उल्लेख आहे, म्हणजे प्रेक्षकांना ते ओळखीचं असणार.


पोहेवाली_एडिंबरा

मस्त धागा! आमच्या स्कॉटलंडचं राहिलं. इथे पोरं नुसता हात पुढे करून गोळ्या मागत नाहीत, त्याला गायझिंग म्हणतात आणि दारात उभं राहून काहीतरी करून दाखवावं लागतं, गाणं, जोक, कविता. माझ्या लेकीला पहिल्या वर्षी ऐनवेळी काही आठवेना तर तिने मराठी बडबडगीतं म्हणून दाखवली, समोरच्या आजोबांना वाटलं हे गेलिक, म्हणजे इथली जुनी भाषा आहे. तिला दोन चॉकलेटं जास्त मिळाली. आता दरवर्षी तेच.

वेश बदलण्याचं कारण इथले लोक असं देतात की त्या रात्री ते "दुसरे" फिरत असतात, त्यांच्यात मिसळून जा म्हणजे तुम्हाला धरणार नाहीत. पूर्वी तोंडाला फक्त काजळी फासायची, कॉस्च्यूम कुठला.

आणि धागाकर्तीच्या कोबीबद्दल: रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये हॅलोविनवर एक लांबच लांब कविता लिहिली, त्यात स्कॉटिश शेतकऱ्यांचे हे सगळे प्रकार आहेत, कोबी, नट, आरसा, तीन वाडगे, आणि प्रत्येकाला त्याने स्वतः टिपा दिल्यात, कसं करायचं ते. वाडग्यांत एकात स्वच्छ पाणी, एकात गढूळ, एक रिकामा. स्वच्छ आलं तर कुमारिका मिळणार, गढूळ तर विधवा, रिकामा तर कुणीच नाही. पुरुषांसाठी पण सोय होती बघा. शिवाय बर्न्सच्या कवितेत सगळे घाबरतात, धडपडतात, एक बाई तर पाण्यात पडते, आणि खरं भूत कुठेच नाही.

सफरचंद पाण्यातून तोंडाने उचलायचा खेळ शाळेत अजून होतो. कोविडनंतर काट्याने करतात, तोंडात काटा धरून खुर्चीवरून सोडायचा. त्याचं मूळ रोमन फळदेवता पोमोनाच्या सणात आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं.


जुनी_पोथी

पोमोनाचा असा काही सण रोमन पंचांगात सापडत नाही. सफरचंदं ऑक्टोबरमध्ये पिकतात एवढं कारण पुरे नाही का?


लेकसाइड_कार्डिफ

वेल्सवाल्यांना कुणी विचारतच नाही. आमच्याकडची समजूत तुमच्या सगळ्यांपेक्षा भीतीदायक आहे. उत्तर वेल्समध्ये त्या रात्री टेकडीवर मोठी शेकोटी करायचे, घरातला प्रत्येक जण एक पांढरा दगड घेऊन त्यावर खूण करून आगीत टाकायचा. सकाळी राख उकरून आपापला दगड शोधायचा. ज्याचा दगड सापडला नाही तो पुढच्या हॅलोविनपर्यंत जगणार नाही.

आणि शेकोटी विझायला आली की सगळे जीव खाऊन घराकडे पळायचे, कारण शेपूट नसलेली एक काळी डुकरीण येते आणि सगळ्यात मागे राहिलेल्याला धरते. माझ्या शेजारच्या वेल्श आजी सांगतात की हे म्हणजे पोरांना वेळेत घरी आणायची युक्ती. मला पटतं. अंधार, ओला डोंगर, विझती आग, आणि पोरं काही निघायचं नाव घेत नाहीत.

अवांतर: स्कॉटलंडच्या लुइस बेटावर याच सुमाराला लोक रात्री कमरेएवढ्या समुद्रात जाऊन शोनी नावाच्या समुद्रदेवाला पेलाभर एल दारू ओतायचे, म्हणजे खतासाठी शेवाळ भरपूर येऊ दे. मार्टिन मार्टिन नावाच्या प्रवाशाने १७०३ मध्ये छापलंय. आम्ही वर्सोव्याचे, नारळ टाकतो, त्यामुळे शोनीबद्दल मला आपुलकी आहे.


न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या गल्लीत आता अर्धी घरं देशी आहेत, त्यामुळे ३१ ला दारावर स्पायडरमॅन येतात आणि "काकू, किटकॅट नाहीये का" विचारतात.

पण जर्सीमध्ये आदल्या रात्रीचं वेगळंच असतं, ३० तारखेला मिस्चिफ नाइट. टीनेजर पोरं झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, गाड्यांवर अंडी. उत्तर जर्सीत काही भागांत याला कॅबेज नाइट म्हणतात आणि त्याचं कारण वरचा कोबी असं सांगतात, म्हणजे भविष्य बघून झालं की तो उपटलेला कोबी करायचं काय, तर फेका लोकांच्या दारावर. आता कळलं.

ट्रिक ऑर ट्रीट पण फार जुनं नाहीये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅलोविन म्हणजे नुसता धुडगूस, फाटकं पळवायची, बैलगाडी (म्हणजे त्यांची घोडागाडी) छपरावर चढवायची, बाहेरचे संडास उलटे करायचे. मिनेसोटात अनोका नावाचं गाव आहे, तिथे लोक वैतागले होते, सकाळी उठून बघावं तर गुरं मेन रोडवर मोकाट. १९२० मध्ये गावातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं की पोरांना मिरवणूक, शेकोटी आणि खाऊ द्यायचा म्हणजे पोरं गुंततील. जमलं. आता ते स्वतःला जगाची हॅलोविन राजधानी म्हणवतात. आणि ट्रिक ऑर ट्रीट हे शब्द १९२७ च्या कॅनडातल्या बातमीत सापडतात, अल्बर्टामधल्या ब्लॅकी गावच्या. मग दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं, ते १९४७ पर्यंत चाललं, आणि ते उठल्यावर खरा सुळसुळाट झाला. म्हणजे आपण जो बघतो तो हॅलोविन आपल्या आजोबांपेक्षा लहान आहे.


शिमगोत्सव

फाटकं पळवायची हे वाचून घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या गावात होळीला लाकडं चोरायचीच असतात. गवऱ्या, मोडकी खाट, कुणाच्या पडवीतला वासा. मालकाने ओरडायचं नाही, ओरडला तर रात्री त्याच्याच नावाने बोंब. एकदा कुणीतरी सरपंचांच्या गोठ्याचं दार घातलं होतं होळीत. आणि संकासुर येतो काळा झगा आणि उंच टोपी घालून, पोरं घाबरतात आणि मागे मागे पण फिरतात, घरोघरी पैसे घेतो. वर्षातून एकदा गावाने वात्रटपणाला परवानगी दिली की बाकीचं वर्ष बरं जातं.


पावसाळी_ढग

डब्लिनमध्ये अजून शब्दशः हेच. पोरं सप्टेंबरपासून लाकडी पॅलेट आणि टायर लपवून ठेवतात शेकोटीसाठी आणि महापालिकेची गाडी ते शोधून उचलून नेत फिरते. दरवर्षी दोन्ही पक्ष तेवढ्याच उत्साहात.


दोन_पोरांची_आई_डॅलस

मी इतका वेळ नुसती वाचत होते. कोबी, डुकरीण सगळं छान आहे पण मला खरी भीती वेगळीच वाटते. इथे सगळे सांगतात की कॅन्डी आधी तपासल्याशिवाय खाऊ द्यायची नाही, सफरचंदात ब्लेड निघालं, चॉकलेटात सुई निघाली, कुणीतरी विष घातलं. माझ्या मैत्रिणीच्या लहानपणी त्यांच्या गावातल्या हॉस्पिटलात कॅन्डीचा फुकट एक्सरे काढून द्यायचे. मी पण घरी आल्यावर सगळं टेबलावर ओतून एकेक बघते. तुम्ही बघता का?


जुनी_पोथी

ताई, माझ्या मते ही या धाग्यातली सगळ्यात अस्सल अंधश्रद्धा आहे, कारण ती जिवंत आहे.

डेलावेअर विद्यापीठाचे जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं याच्या मागे आहेत. त्यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दारावर आलेल्या मुलाला विषारी कॅन्डी दिली आणि मूल दगावलं, अशी एकही खरी घटना त्यांना सापडली नाही. सुया-टाचण्यांच्या ज्या तक्रारी असतात त्यातल्या बहुतेक नंतर खोट्या निघतात, पुष्कळदा पोरांनीच टोचलेल्या, मोठ्यांची धावपळ बघायला. १९७० मध्ये डेट्रॉइटला एक पोरगं वारलं आणि हॅलोविनच्या कॅन्डीत हेरॉइन होतं अशी बातमी झाली, नंतर कळलं की ते नातेवाइकाच्या घरातलं हेरॉइन होतं.

एक प्रकरण खरं आहे आणि ते तुमच्याच टेक्ससमधलं. १९७४ मध्ये एका बापाने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला सायनाइड घातलेली कॅन्डी दिली, विम्याच्या पैशांसाठी. संशय येऊ नये म्हणून इतर मुलांनाही वाटली होती, नशिबाने त्यांनी खाल्ली नाही. त्याला १९८४ मध्ये मृत्युदंड झाला. म्हणजे तो माणूस लोकांच्या या समजुतीच्या आड लपायला बघत होता. आणि १९८२ मध्ये शिकागोत कुणीतरी टायलेनॉल या दुखण्यावरच्या गोळ्यांत सायनाइड घातलं, सात माणसं मेली, ते झालं हॅलोविनच्या महिनाभर आधी. त्यानंतर हे भूत पक्कं बसलं.

जुन्या लोकांना वाटायचं टेकडीतून कुणीतरी येईल आणि पोर उचलून नेईल. पश्चिम आयर्लंडात मुलग्यांना परकर घालायचे त्यासाठी, शी लोकांना मुलगेच हवे असतात म्हणून. आता कोपऱ्यावरच्या घरातला, ज्याच्याशी आपण वर्षभर बोललो नाही, तो माणूस शी झालाय.


दोन_पोरांची_आई_डॅलस

बापरे. बापाचं ऐकून जास्तच वाईट वाटलं. पण तरी मी बघणार हां. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे धाकट्याला.


न्यूजर्सीकर

ॲलर्जीसाठी बघाच. पण काळजी करायचीच तर गाड्यांची करा. अमेरिकेतल्या अपघातांचा १९७५ ते २०१६ चा अभ्यास आलेला मेडिकल जर्नलमध्ये, हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचा गाडीखाली मृत्यू होण्याचा धोका आसपासच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त. लहान मुलांमध्ये तर कितीतरी पट. आणि आपण काय करतो, पोराला काळ्या कपड्यात गुंडाळतो, डोळ्यांवर मुखवटा, आणि अंधारात सोडतो.


दोन_पोरांची_आई_डॅलस

मोठी यंदा काळं मांजर होणार आहे!! आजच चमकणारी पट्टी आणते, शेपटीला पण लावते.


तिरकस_काका

लावा लावा. आणि कॅन्डी तपासणं अजिबात बंद करू नका. आमच्या चिरंजीवांची सगळी कॅडबरी मी तपासतानाच खाल्लेली आहे, आता नातवाचीही तपासतो.